मदत हवी आहे : एनबीएचा 'सेकंड एप्रन' (संघाच्या एकूण पगारखर्चावरची सगळ्यात वरची रेषा) कुणी नीट समजावेल का?

देवगडला राहतो. सकाळी पाच-सहाला एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, सामने लागतात, तेव्हा मी आणि मामेभाऊ मोबाईलला चिकटलेले असतो. वाद बोस्टनच्या संघावरून पेटलाय. 2024 ला विजेतेपद आणि 2025 च्या उन्हाळ्यात त्यांचे खेळाडू ज्रू हॉलिडे पोर्टलंडला, पोर्झिंगिस अटलांटाला! भाऊ म्हणतो, "मालकाकडे एवढे पैशे आसत, मगे खेळाडू सोडल्यान कित्याक?" त्यांचा मुख्य खेळाडू टेटम, त्याची टाच मेमध्ये गेली, म्हणून आवरतं घेतलं, असंही त्याचं मत. माझ्या मते ती दुखापत नसती तरी हे झालंच असतं.

लीग आणि खेळाडूंमधल्या 2023 च्या करारातले नियम वाचून पाहिले. एवढं कळलं: नुसता लक्झरी टॅक्स (जादा पगारखर्चावरचा कर) भरून सुटका नाही. सेकंड एप्रनच्या वर असलेल्या संघाला अदलाबदलीत दोघांचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) गोठतो. लक्झरी टॅक्स आणि कॅप (पगारखर्चाची मूळ मर्यादा) यांतला फरक माहीत आहे, तिथून सुरुवात नको. व्हिडिओची लिंकही नको, आमच्याकडे रेंज म्हणजे वाऱ्यावरची वरात. मराठीत चार ओळी लिहा, पुरे.

अडलंय ते इथे: संघ आज रेषेच्या वर आहे, पण त्याच अदलाबदलीनंतर खाली येणार असेल, तर त्याला दोन पगार एकत्र करता येतात का? म्हणजे बंदी आधीच्या आकड्यावर लागते की नंतरच्या? हापूसची एक पेटी यावर अडकली आहे.