दुसऱ्या क्षेत्रातल्या भन्नाट कल्पना: कामाला येतात की नुसता टाइमपास?

शाईचा डाग:
मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते. आपल्या कामाशी काडीचा संबंध नसलेलं वाचावं, असं माझं मत: रसायन, यंत्रं, धंद्याच्या गोष्टी, काहीही. माझा मित्र म्हणतो, ही काम टाळायची सबब आहे.

माझा पुरावा देते. एका मुखपृष्ठावर लाल जमिनीवर राखाडी पट्टी होती. ती सारखी हिरवट दिसायची. चार वेळा शेड बदलली, छापणाऱ्याशी भांडूनही झालं. मग शेव्रल आठवला. हा रसायनज्ञ पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं, तर काळ्यात खोट नव्हतीच. शेजारी निळा-जांभळा धागा आला की काळा मेल्यासारखा दिसायचा, एवढंच. १८३९ साली त्याने यावर पुस्तक काढलं आणि पुढे जॉर्ज सरासारख्या चित्रकारांनी ते उचललं. माझ्या राखाडीलाही शेजारचा लालच हिरवट करत होता. मी राखाडीत अगदी किंचित लाल टाकला. हिरवटपणा गेला.

खडूस:
उदाहरण छान, पण तुमच्याच विरुद्ध जातं. रंगांवरचं वाचन तुम्हाला रंगात उपयोगी पडलं. यात दुसरं क्षेत्र कुठे आलं?

या गोष्टी सांगताना मधला भाग सोयीस्कर गाळतात, हे माझं खरं दुखणं. वेल्क्रोचंच घ्या, ती बुटा-पिशव्यांवरची चर्रकन उघडणारी पट्टी. १९४१ साली स्विस अभियंता द मेस्ट्राल कुत्र्याला घेऊन फिरायला गेला, काटेरी बोंडं चिकटली, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे बारीक आकडे (म्हणजे हुक) दिसले, टाळ्या! पेटंट १९५५ चं. मधली चौदा वर्षं नायलॉनचे आकडे जमवण्यात गेली, त्यांच्यावर कोणी भाषण देत नाही.

रिकामा कागद:
मग पोस्ट-इटचं, त्या चिकटवून सहज काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांचं काय? थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हरला १९६८ मध्ये धड न चिकटणारा गोंद सापडला. त्याचं करायचं काय, कोणालाच कळेना. तो मात्र कंपनीत सगळ्यांना सांगत फिरला. आर्ट फ्रायने त्याबद्दल ऐकलं होतं. हा चर्चमध्ये गायचा आणि पुस्तकात खुणेला घातलेल्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडायच्या. १९७४ मध्ये त्याला तो गोंद आठवला. आधी कानावरच पडला नसता तर आठवलं काय असतं, कप्पाळ?

खडूस:
आणि ज्यांनी ऐकून काहीच केलं नाही त्यांची गोष्ट कोण सांगतं? फ्रायला नेहमीची कटकट होती म्हणून गोंद आठवला. शिवाय त्या चिठ्ठ्या अमेरिकेच्या बाजारात सगळीकडे यायला १९८० उजाडलंच.

अर्धवट:
मी लेखक. दोघांशीही असहमत. अशा गोष्टी वाचल्या की मला काम केल्यासारखंच वाटतं, हा खरा धोका. वाचनखुणांत ३४० लेख पडून आहेत आणि कादंबरी दुसऱ्या प्रकरणात. (हे लिहितानाही आणखी एक टॅब उघडलाय.)

रिकामा कागद:
तो दोष वाचनाचा नाही हो. जपानच्या वेगवान रेल्वेगाड्या बोगद्यातून बाहेर पडताना धडाका व्हायचा. एइजी नाकात्सु हा अभियंता पक्षिनिरीक्षक होता. हवेतून पाण्यात सूर मारणाऱ्या खंड्याची चोच त्याच्या डोळ्यांपुढे होती. ५०० मालिकेच्या गाडीचं लांबट नाक तिथून आलं, १९९७ मध्ये ती प्रवाशांना घेऊन धावू लागली. पक्षी बघणं हा टाइमपासच होता ना?

खडूस:
छंद होता, वर्षानुवर्षांचा. आठवड्याला दहा मजेशीर कल्पना चाळणं आणि एका पक्ष्याकडे तासन्‌तास बघणं यात फरक आहे. या दुसऱ्या प्रकाराला मी कधीच नावं ठेवली नाहीत.

शाईचा डाग:
हे पटलं. शेव्रलबाबतचा मुद्दाही अर्धा मान्य. पण मी तो वाचला तेव्हा राखाडी पट्टीचा प्रश्न अस्तित्वातच नव्हता. कापड विणण्याच्या इतिहासात रमले होते, दोन वर्षांपूर्वी. मुखपृष्ठासाठी शोधायला बसले असते तर मी छपाईच्या शाईबद्दल वाचलं असतं. तिथे उत्तर नव्हतं.

खडूस:
त्या दोन वर्षांत वाचलेलं आणि कामाला न आलेलं किती, त्याची यादी द्या बघू.

शाईचा डाग:
मधमाश्यांचा नाच, जहाजांच्या गाठी, बर्फाचे स्फटिक, जुन्या घड्याळांचे काटे... संध्याकाळपर्यंत पुरेल. गाठींचं मात्र काहीतरी होणार आहे, आताच सांगत नाही.