जपाला बसल्यावर मन अधिकच का भटकते?

प्रश्न : मी रोज पहाटे वीस मिनिटे जपाला बसतो, पण चौथ्या-पाचव्या मण्यापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच कार्यालयातील कालचा वाद आठवू लागतो आणि माळ नुसती बोटांतून सरकत राहते. अशा साधनेला काही अर्थ आहे का?

उत्तर : हीच तक्रार गीतेच्या ६व्या अध्यायात अर्जुनाने केली आहे आणि अभ्यास व वैराग्य हाच उपाय त्याला सांगितला गेला. मन भटकल्याचे ध्यानात येताच मागे फिरणे हाही अभ्यासच.

दुसरे उत्तर : योगसूत्रकार पतंजलींनी सांगितलेल्या योगाच्या ८ अंगांत ध्यान ७वे येते, आरंभ यम-नियमांपासून, म्हणजे अहिंसा, सत्य यांपासून होतो. दिवसभर कठोर बोलून पहाटे शांतीची अपेक्षा धरणे मला तरी अवाजवी वाटते. तो वाद आधी मिटवावा.

प्रश्नकर्ता : मान्य आहे. आवाज माझाच चढला होता. आज त्यांच्याशी बोलतो.