उन्हाळी बर्फात अख्खा अल्बम न्यावा का? हामटा ट्रेकच्या निमित्ताने

लोकमान्यनगर

जूनमध्ये आमची इंदूरची टोळी हामटा खिंडीला निघतेय. मालवा एक्स्प्रेसने अंबाला, तिथून बसने मनाली आणि जोब्रापासून पायी. इथे रस्त्यावरचं डांबर वितळत असताना तिकडे ४,२७० मीटरवर हिवाळ्यातला बर्फ अजून पडून असतो. बूट, मायक्रोस्पाइक्स (बर्फात घसरू नये म्हणून बुटांना लावायचे काटे), तंबू यांवर लगेच एकमत झालं. गाण्यांवर मात्र होत नाहीये, म्हणून इथे इंदूरच्या मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या मंडळींना विचारतो.

माझं म्हणणं असं: प्रत्येकाने आपला एकच आवडता इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीच्या तालावर न चालणाऱ्या स्वतंत्र कलाकारांचा, अल्बम न्यावा. प्लेलिस्ट नको, अल्बम. रोज जेवणं झाली की तंबूत एकाचा अल्बम लावायचा आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांनी ऐकायचा. कोणी गाणं पुढे ढकलायचं नाही. घरी हे कोणाकडून होत नाही, माझ्याकडूनही नाही. फोन वाजतो, दारावर कोणीतरी येतं, तिसऱ्या गाण्याला आपण दुसरीकडे पोचलेले असतो. वर नेटवर्क नसतं, अंधार पडला की कुठे जायचंही नसतं. चाळीस मिनिटं सलग मिळणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

शिवाय हा ट्रेकच क्रमाने ऐकण्यासारखा आहे. खिंडीच्या अलीकडे कुल्लूचं हिरवं कुरण आणि झरे, पलीकडे पाऊस न पोचणारा लाहौलचा उघडा, राखी दगड. कॅसेटच्या दोन बाजूच म्हणा. आधी शेवटचं छत्रू आणि मग सुरुवातीचं जोब्रा असं कोणी कापून जोडलं तर चालेल का? मग गाण्यांचंच शफल कसं चालतं?

माझ्या यादीत आहेत इंडियन ओशनचा 'कंदिसा' (२०००), परवाझचा 'बारान' (२०१४), द लोकल ट्रेनचा 'आलस का पेड' (२०१५), पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बिस्मिल्लाह' (२०१९) आणि बॉन इव्हेरचा 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो'. यातला एक निवडायचाय.

सुदामानगर

एकही नको. मी याच टोळीत आहे आणि ग्रुपवर हेच सांगतोय. स्पीकर तंबूत लावला तरी कापडाला भिंत थोडीच असते? शेजारच्या तंबूतला माणूस पहाटे उठून चढणार असतो, त्याने तुमचा आवडता अल्बम का ऐकायचा? आणि आपण तरी इतक्या लांब जाऊन इंदूरमध्ये मिळतं तेच का ऐकायचं? खिंडीच्या अलीकडच्या बालू का घेरा या मुक्कामी तंबूशेजारून राणी नाला वाहतो. दुपारी बर्फ वितळला की त्याला जोर चढतो, पहाटे तो पुन्हा खाली बसतो. हा फरक कानाला कळतो. तो ऐकायला मी येतोय.

स्कीम ७८

आणि मोठ्या आवाजाने हिमकडा कोसळला तर?

विजयनगर

तसं होत नाही. माणसाच्या आरोळीत किंवा स्पीकरच्या आवाजात तेवढा दाबच नसतो. बर्फाच्या आतला कच्चा थर, वर पडलेला नवा भार, चढलेलं ऊन आणि कित्येकदा उतारावरून चालणारा माणूसच, ही खरी कारणं.

धोका दुसराच आहे. खिंडीच्या उतारावर वरून दगड सुटतात. गाईड ओरडतो तेव्हा हातात दोनेक सेकंदच असतात, आणि कानात इअरफोन असेल तर तेही गेले. म्हणून चालताना अजिबात नाही, हे मी आमच्या ग्रुपमध्ये भांडून ठरवून घेतलं होतं. तंबूत काय करायचं ते करा. बॅटरीचंही आधी ठरवा. लिथियमची बॅटरी थंडीत पटकन मान टाकते. रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवा. अल्बम ऐकण्यात बॅटरी संपली आणि खिंडीच्या दिवशी फोनवरचा नकाशा उघडला नाही, हे परवडणारं नाही.

रामबाग

मी वयाने तुमच्या काकांसारखा, म्हणून स्पष्ट बोलतो. 'कंदिसा' टाइम्स म्युझिकने काढला होता. मोठ्या कंपनीची कॅसेट इंडी कशी? शब्द वापरायचा तर नीट वापरा.

दुसरं. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले ते क्षयाने आजारी. गाणं बंद, अंथरुणाला खिळलेले. त्या काळात त्यांच्या कानावर पडत राहिली माळव्याची लोकगीतं. बायका गात, फकीर गात, आणि ते ऐकत. पुढचं त्यांचं सगळं गाणं त्या ऐकण्यातून बदललं. त्यांच्या खोलीत अष्टौप्रहर रेकॉर्ड वाजत असती तर हे झालं असतं का? नव्या मुलखात गेलं की आधी तिथलं ऐकावं. गाईडला, घोडेवाल्याला त्यांचं एखादं गाणं म्हणायला सांगा. मनापासून विचारलंत तर म्हणतील.

लोकमान्यनगर

काका, घोडेवाल्यांचं पटलं. ते नक्की करणार.

'कंदिसा'बद्दल पटलं नाही. कंपनी कोणाची यापेक्षा गाणं कोणाच्या सांगण्यावरून झालं ते मी बघतो. केरळच्या ख्रिस्ती परंपरेतली जुनी अरामाईक प्रार्थना, गोरख पांडेंचं 'हिल्ले ले', नर्मदेवरचं 'मा रेवा', हे एका अल्बममध्ये घ्या असं कोणत्याही कंपनीने सुचवलं नसतं. याच लोकांनी २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड'ची गाणी एकेक करून फुकट डाउनलोडला ठेवली. नाव कसलं, तर करोलबागच्या ज्या जुन्या घरात ते सराव करत त्याचा पत्ता. त्यांच्यातले गायक असीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरमध्ये गेले होते, त्यांचा आवाज त्या अल्बममध्ये आहे. हे इंडी नाही तर काय आहे?

सुदामानगर, शेजाऱ्यांचं तुझं बरोबर आहे. स्पीकर नको. दोघांत एक इअरफोन, एकाच वेळी बटण दाबायचं. पण नदी आणि अल्बम यांत एकच निवडावं लागतं हे मला मान्य नाही. दिवसाचे बाकीचे सगळे तास नदीचेच आहेत.

सुदामानगर

तास मोजून चालत नाही रे. रात्री बर्फाजवळचा आवाज वेगळा असतो. ताजा भुसभुशीत बर्फ आवाज शोषतो, म्हणून हिमवर्षावानंतर सगळं कान बंद केल्यासारखं वाटतं. जूनचा बर्फ जुना, वितळून पुन्हा गोठलेला, दाणेदार. त्यावर पाऊल करकरतं, लांबचं बोलणंही ऐकू येतं. हे दिवसा चढताना धापांमध्ये कळत नाही, रात्री कळतं. तुझी चाळीस मिनिटं नेमकी तीच आहेत.

राजेंद्रनगर

मला अल्बमची कल्पना आवडली, पण 'फॉर एमा' काढून टाका. तो मलाही फार प्रिय आहे. जस्टिन व्हर्ननने विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या शिकारीच्या लाकडी घरात हिवाळ्यात एकट्याने रचलेली गाणी. त्यातला बर्फ एकटेपणाचा आहे, दार लावून घेतलेल्या माणसाचा. तुम्ही मित्र मिळून जाताय, सूर्य डोळे दिपवतोय, एकमेकांना हात देत बर्फ ओलांडताय. तिथे तो अल्बम खोटा वाटेल. आम्ही मैत्रिणींनी ब्यासकुंडच्या ट्रेकला तो लावला होता आणि तिसऱ्या गाण्यानंतर प्रत्येकजण आपापल्या कोशात गेली. सकाळपर्यंत कोणी मोकळं बोलेना.

माझं मत 'कंदिसा'ला, तेही 'मा रेवा'साठी. इंडियन ओशनचा राहुल राम नर्मदा आंदोलनात खोऱ्यात राहिलेला माणूस, ते गाणं त्याने तिथून आणलं. आपण १९७८ पासून जलूदहून आलेलं नर्मदेचं पाणी पितो. खिंडीपलीकडच्या सियागोरूच्या मुक्कामाला पोचलात की बाकी काही लावू नका, फक्त 'मा रेवा' लावा.

लोकमान्यनगर

ताई, 'फॉर एमा' काढला. पण फक्त 'मा रेवा' लावणार नाही. 'हिल्ले ले'च्या दणक्यातून आलेला माणूस 'मा रेवा'पाशी ज्या मनाने पोचतो, ते मन थेट तिथे उडी मारून मिळत नाही. सियागोरूला अख्खा 'कंदिसा', सातही गाणी, लागोपाठ. आणि बालू का घेराची रात्र सुदामानगरच्या नाल्याला दिली. तिथे कोणीही काही लावायचं नाही, मीसुद्धा नाही.

सुदामानगर

एक रात्र पुरत नाही. त्याआधीच्या चिकाच्या मुक्कामाचीही हवी.