शाळेचे जादा तास कुणाच्या वाट्याला येतात?

शिष्यवृत्तीच्या मुलांसाठी सकाळी सातला वर्ग उघडतो. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी कधी उघडतो? हुशार आणि मागे पडलेल्या मुलांना शाळा प्रत्यक्षात काय देते, हे ज्यांना जवळून माहीत आहे त्यांनी इथे लिहावं. तक्रारीपेक्षा तपशील हवा.

शिष्यवृत्ती वर्गाच्या शिक्षिका

शिष्यवृत्ती परीक्षेचे दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. त्यामुळे जादा तासात शिकवणं कमी आणि घड्याळ लावून सराव जास्त, असंच होतं. खरी चूक त्याआधी, निवडीत होते. मागच्या वर्षीच्या एकूण गुणांवरून मुलं निवडली की ज्याचं डोकं गणितात पळतं पण वाचन हळू आहे, तो यादीत येतच नाही. बुद्धिमत्ता चाचणीचे वीस प्रश्न अख्ख्या वर्गाला द्या, आणि ते मोठ्याने वाचून दाखवा. गुणपत्रकाने झाकलेली दोन-तीन नावं हमखास वर येतात.

निवडलेल्यांचेही हाल असतात. पटकन सोडवणाऱ्याला बक्षीस म्हणून तशीच आणखी वीस उदाहरणं मिळतात. थोड्या दिवसांनी तो मुद्दाम हळू सोडवायला लागतो. त्याला उलटं काम द्या: उत्तर 36 आहे, अपूर्णांक आलाच पाहिजे, प्रश्न तू तयार कर.

प्राथमिक शिक्षक, जिल्हा परिषद शाळा

‘ढ’ म्हणून सोडून दिलेल्या मुलाचं नेमकं कुठे अडलंय, हे पाच मिनिटांत कळतं. एकेकाला बाजूला घ्या. आधी चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्या. जमला तर गोष्ट. नाही जमला तर पाच शब्द. त्यातले चार आले नाहीत तर अक्षरं. चाळीसचा पट तीन दिवसांत होतो. मग रोज एक तास तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसवायची. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने हीच पद्धत अनेक ठिकाणी वापरली आहे. ती फसते ती एकाच कारणाने: गट एकदा पाडले की वर्षभर तेच राहतात. दर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं नाही, तर ती नवी ‘ड’ तुकडीच होते.

गणितातही तसंच. 52 मधून 37 वजा करून 25 लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. ते एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं. त्याचा एक नियम आहे, फक्त चुकीचा. त्याला आणखी वीस वजाबाक्या घातल्या तर तोच नियम पक्का होतो. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या हातात द्या. सात काढायला सांगितलं की एक जुडी सोडावीच लागते. बारातून सात गेले, पाच उरले. चार जुड्यांतून तीन गेल्या. हे चार-पाच वेळा हाताने झाल्यावरच वहीत हातच्याची वजाबाकी घ्यायची.

शाळा कार्यालयातील लिपिक

दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक लावायचा, तर त्याची तयारी नववीतच होते. कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘17 नंबरचा फॉर्म भरा’ असं सुचवतात. हा खाजगी विद्यार्थ्याचा फॉर्म आहे. परीक्षा बोर्डाचीच, पण वर्ग, शिक्षक, रोजची शाळा सगळं सुटतं. ज्याला जास्त शिकवायला हवं, त्याचंच शिकवणं बंद होतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठीचा अर्ज पालकांच्या सहीचा असल्यामुळे कागदावर तो निर्णय पालकांचा ठरतो. सही करण्याआधी नववीच्या उत्तरपत्रिका पाहायला मागा आणि फेरपरीक्षेचं लेखी विचारा. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी पुरवणी परीक्षा आहे, एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावी आहे. हे पालकांना कुणी सांगत नाही.

विशेष शिक्षिका

काही मुलं एकाच वेळी हुशार आणि मागे पडलेली, दोन्ही असतात. तोंडी उत्तर वर्गात सगळ्यांच्या आधी, वहीत मात्र ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, फळ्यावरचं निम्मंच उतरवलेलं. शाळा म्हणते, ‘हुशार आहे, पण आळशी.’ आधी डोळे-कान तपासा, मग बुद्ध्यंक, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी. प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतर मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. बोर्डाच्या सवलतीसाठी खाजगी मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल पुरत नाही, सरकारी यंत्रणेचंच प्रमाणपत्र लागतं. जादा वेळ तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. कागदपत्रं नववीतच गोळा करा. दहावीच्या जानेवारीत धावाधाव केली की प्रस्ताव अडकतो. लेखनिक मिळाला तरी सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे, ‘इथे आकृती काढ’ हेसुद्धा बोलून सांगावं लागतं. त्याच्याबरोबर निदान दोन सराव पेपर व्हायलाच हवेत.

वेळापत्रक करणारे पर्यवेक्षक

गुणांवरून तुकड्या पाडल्या की गणिताचे अनुभवी शिक्षक ‘अ’ला जातात, पहिला किंवा दुसरा तास त्यांचा. ‘ड’चं गणित शेवटच्या तासाला, तेही बहुतेकदा तासिका तत्त्वावरच्या नव्या शिक्षकांकडे. बदल करायचा तर जूनमध्ये करा. सगळ्यात आधी ‘ड’चे गणित आणि मराठीचे तास सकाळी मांडा आणि उरलेलं वेळापत्रक त्याभोवती बसवा. ऑगस्टमध्ये एक तास हलवला तर सहा वर्ग हलतात, आणि मग कुणीच हात लावत नाही.