मदत हवी आहे: कॉलनीतल्या घरांना छतावरची सौर वीज पटवून द्यायची आहे, नेमकं काय सांगावं?

मंजिरी_सा
नमस्कार. साताऱ्यातली आमची कॉलनी बैठ्या आणि एकमजली घरांची आहे. स्लॅबची गच्ची, महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन. पीएम सूर्यघर योजनेबद्दल सगळ्यांनी ऐकलंय, पण गाडं पुढे सरकत नाही. "पावसाळ्यात काय करायचं?", "लाइट गेली तरी घर चालेल ना?", "बिल खरंच शून्य येतं का?", "गच्ची गळायला लागेल" हे नेहमीचे प्रश्न. शिवाय तीन किलोवॉटची कोटेशनं एकमेकांशी जुळत नाहीत आणि का ते कळत नाही. प्रत्येक घराला देता येईल असं एक पानी टिपण करायचं आहे. खोटी आशा दाखवायची नाही. जाणकारांनी कृपया मदत करावी.

दक्षिणमुखी
मंजिरीताई, टिपणाची सुरुवात अनुदानापासून करू नका, वीजबिलापासून करा. मागच्या महिन्यांचा वापर बिलावर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करून सरासरी काढा. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं, म्हणजे महिन्याला ११० ते १२०. महिना २१० युनिट लागणाऱ्या घराला २ किलोवॉट पुरतात. तिथे ३ किलोवॉट लावायला सांगणं चूक आहे, कारण शिल्लक युनिटं (वापरून उरलेली, महावितरणच्या लाइनवर गेलेली वीज) पुढच्या महिन्यात वळती होतात ती फक्त मार्चअखेरपर्यंत. त्यानंतर उरलेली वीज महावितरण विकत घेते, पण आपण देतो त्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने.

पावसाळ्याचं उत्तरही यातच आहे. सातारा घाटाला लागून असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती निम्म्याजवळ येऊ शकते. एप्रिल-मेची जमा पावसाळ्यातलं बिल हलकं करते, पण जून ते सप्टेंबर थोडं बिल येणार हे लिहूनच टाका. स्थिर आकारही जात नाही, म्हणून "शून्य बिल" हा शब्द टिपणात नको.

केंद्राचं अनुदान: पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८,०००. पॅनेल देशी सेलचीच (डीसीआर) हवीत, नाहीतर अनुदान नाही. कोटेशनं न जुळण्याचं पहिलं कारण बहुधा हेच असतं. एकाने डीसीआर पॅनेलचा भाव दिलेला असतो, दुसऱ्याने साध्या पॅनेलचा.

आता सावली. डिसेंबरच्या शेवटी साताऱ्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास २ मीटर उंच टाकीची सावली साधारण साडेतीन मीटर लांब आणि वायव्येकडे पडते. दुपारी तीच ईशान्येकडे जाते. पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलवर सावली पडली की नुकसान त्या एकापुरतं राहीलच असं नाही. उंची पॅनेलच्या पातळीपासून टाकीच्या माथ्यापर्यंत मोजायची, स्टँड धरून. बहुतेक घरांत टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात सरकवली की काम होतं. प्लंबरचा एक दिवस जातो, पण पुढच्या पंचवीस वर्षांची चिंता मिटते. जागा किलोवॉटमागे सुमारे १०० चौरस फूट धरा.

अर्थिंग_आधी
लाइट गेल्यावरचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, कारण नंतरची नाराजी त्याचीच असते. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा, महावितरणच्या लाइनला जोडलेला) लाइट गेली की भर उन्हातही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट बसू नये म्हणून ते सक्तीचं आहे. लाइट नसताना घर चालवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि बॅटरीला वेगळं अनुदान नाही. भारनियमन नसलेल्या कॉलनीत साधा संच आणि घरातला जुना बॅटरी इन्व्हर्टर आहे तसाच, हे पुरतं.

कोटेशनमध्ये नुसते "किलोवॉट" बघू नका. हे लेखी मागा: पॅनेलचं वॅट आणि संख्या (५४० वॅटची ६ म्हणजे ३.२४ किलोवॉट), गरम बुडवून जस्त चढवलेला सांगाडा आणि थराची जाडी (८० मायक्रॉन मागा), ४ चौ. मिमी तांब्याची सोलर डीसी वायर, डीसी आणि एसी दोन्ही पेट्यांत एसपीडी (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं उपकरण), तीन स्वतंत्र अर्थिंग: एक पॅनेल-सांगाड्याचं, एक इन्व्हर्टर-एसीचं, एक लायटनिंग अरेस्टरचं (आकाशातली वीज जमिनीत नेणारा दांडा). स्वस्त कोटेशनमध्ये तीनचं एक झालेलं असतं. मग गच्चीवर वीज पडली तर ती इन्व्हर्टरमधून वाट काढते. अर्थिंगचं मोजमाप उन्हाळ्यात, माती कोरडी असताना करून घ्या. ५ ओहमच्या आत हवं.

जोडाचे एमसी४ कनेक्टर दोन्ही बाजूंनी एकाच कंपनीचे हवेत. वेगवेगळे बसतात, पण सैल राहतात, तापतात आणि वितळतात. आग लागते ती अशा जोडावर.

गळतीबद्दल: भीती रास्त आहे. जुन्या स्लॅबला थेट भोक पाडून अँकर मारला की वॉटरप्रूफिंग तुटतं. स्लॅब खरवडून त्यावर काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, सांगाड्याचे पाय त्यात धरायचे, कडेला गोलाई द्यायची. एक पॅनेल २८-३० किलोचं असतं, त्यामुळे वजनापेक्षा वळवाच्या वाऱ्याने सांगाडा वर उचलला जाणं हा मोठा धोका आहे. ठोकळे लहान केले तर तिथे पैसे वाचत नाहीत. सिमेंट पत्र्याच्या छपरावर लावूच नका.

मंजिरी_सा
फारच उपयोगी, दोघांचेही आभार. दोन शंका. बऱ्याच घरांचं वीजबिल अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे. ते चालेल का? आणि शेजारच्या वसाहतीतल्या दोन घरांत ऐन दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो, ऊन कडक असताना. ते ऐकून आमचे लोक बिचकलेत.

स्वप्ना_कोल्हापूर
नावाचं काम आधी करा. अर्जदार, वीजबिल आणि बँक खातं यांवरचं नाव जुळलं नाही की अनुदान अडकतं. आधी महावितरणकडे नावबदल, मग पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी, मग नोंदणीकृत विक्रेत्याशी करार. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या नियमदुरुस्तीपासून तांत्रिक पाहणी लागत नाही. संच बसला की नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा), मग तपासणी, आणि शेवटी पोर्टलवर बँक तपशील. विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल करायची हे योजनेतच आहे, ते करारात आलंय का पाहा. पॅनेल वर चढवण्याआधी प्रत्येकाच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवा. नंतर मागची बाजू दिसत नाही.

नेट मीटर बसल्यावर दर महिन्याला आयात आणि निर्यात दोन्ही रीडिंगचे फोटो काढा. सुरुवातीच्या बिलांत निर्यात धरलेली नसेल तर तक्रारीला तोच पुरावा.

अर्थिंग_आधी
दुपारी बंद पडतो ते बहुतेकदा व्होल्टेज चढल्यामुळे. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा किंचित जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) लांब आणि वायर बारीक असेल तर ते २५३ व्होल्टच्या वर जातं आणि इन्व्हर्टर नियमाप्रमाणे बंद होतो. आधी इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची वायर बघा. अंतर २५-३० मीटर आणि वायर २.५ चौ. मिमीची असेल तर ६ ची टाका. न्यूट्रलचे जोड आवळा. तरीही मीटरपाशीच २५० च्या वर दिसत असेल तर दोष लाइनचा आहे. दुपारी १२ ते २ मधल्या आकड्यांचे फोटो जोडून रोहित्राचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोडणी) बदलण्याची लेखी मागणी करा. चार घरांनी मिळून केली तर जास्त चांगलं.

दक्षिणमुखी
एक भर. किलोवॉट ठरवण्याआधी वापर कमी करा. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास. चार पंखे दिवसाला दहा तास चालले तर महिन्याला ५४ युनिट वाचतात, म्हणजे जवळपास अर्ध्या किलोवॉटचं पॅनेल वाचलं. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे ३ युनिट लागतात, म्हणून गिझर रोज वापरणाऱ्या घरात सौर बंबही विचारात घ्या. पाणी जड असेल तर काचनळ्यांचा घ्या, तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने बुजतात. गार पाण्याच्या टाकीचा तळ बंबाच्या टाकीच्या वर हवा, नाहीतर वरच्या मजल्यावर गरम पाणी येत नाही.

महिना १०० युनिटांच्या आतली घरं असतील तर त्यांना राज्याची स्मार्ट योजना वेगळी सांगा. तिथे १ किलोवॉटला केंद्राच्या अनुदानावर राज्याची जादा रक्कम मिळते.

धुण्याचंही लिहा: फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी, सकाळी लवकर, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं जड पाणी असेल तर ते काचेवर वाळू देऊ नका, पांढरे डाग नंतर निघत नाहीत.