‘रिअल एल’ला मराठीत काय म्हणावं?

पिंपळपान: केंब्रिजवरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. त्यात बेनेट स्ट्रीटवरचा ‘द ईगल’ हा पब येतो. १६६७ पासूनची जागा, पूर्वी घोडागाड्यांची सराय, अंगणावर लाकडी सज्जा. डीएनएची रचना उलगडल्याचं फ्रान्सिस क्रिकने २८ फेब्रुवारी १९५३ ला जेवणाच्या वेळी इथेच जाहीर केलं, असं त्याचा सहसंशोधक वॉटसनने लिहून ठेवलंय. मागच्या खोलीच्या छतावर दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी मेणबत्त्या-लायटरच्या काजळीने लिहिलेली नावं आहेत.
आता अडचण. ‘पब’ तसाच ठेवला तर पुण्याच्या वाचकाला डीजे ऐकू येतो. आणि तिथल्या ‘रिअल एल’ला (एल म्हणजे बिअरचा एक प्रकार) ‘खरी एल’ म्हटलं की बाकीची भेसळीची वाटते.

मुळाक्षर: गुत्ता लिहा की! :)

गुत्तेदार: गुत्ता नको, त्याला वास आहे. मूळ अर्थ मात्र साधा: मक्ता, ठेका. आमच्या मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदारच म्हणतात. दारूविक्रीचा मक्ता ज्याने घेतला त्याचं दुकान ते गुत्ता. तसं पाहिलं तर ईगलला मूळ अर्थाने तो शोभेलही: इमारत कॉर्पस क्रिस्टी कॉलेजची, चालवते ग्रीन किंग ही बिअर कंपनी. इंग्लंडमधले कितीतरी पब तर बिअर कंपनीला बांधलेलेच असतात. जागा कंपनीची, म्हणून पब चालवणाऱ्याने मालही तिच्याकडूनच घ्यायचा.

मांडवीकाठ: गोव्यात तावेर्न आहे, पण तिथे फेणी आठवते. पबच ठेवा. सराय, सज्जा आलं की डीजे आपोआप बंद पडेल.

मुळाक्षर: आता गंभीरपणे. ‘रिअल एल’ हा शब्द रुजवला १९७१ साली सुरू झालेल्या ‘कॅम्रा’ या ग्राहक चळवळीने. तेव्हा मोठ्या कंपन्या बिअर गाळून, पाश्चराइझ करून, वायूच्या दाबाने नळातून सोडायला लागल्या होत्या. रिअल एल तशी मारून टाकलेली नसते. पिंपात यीस्ट जिवंत असतं आणि आंबण्याचं उरलेलं काम पबच्या तळघरात पुरं होतं. पिंपाच्या बुचात आधी मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात, जादा वायू निघून जातो. मग कडक खुंटी. तापमान ११ ते १३ अंश. (आपले लोक ‘गार नाही, फेस नाही’ म्हणून नाक मुरडतात ती हीच.) पिंप उघडलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, कारण आत हवा शिरते. नऊ गॅलनच्या पिंपातून ७२ पाइंट, म्हणजे गिऱ्हाईक नसेल तर तोटाच. म्हणून माझं मत: ‘जिवंत एल’.

गुत्तेदार: ‘जिवंत’ पटलं. गढूळ लागत नाही का पण?

मुळाक्षर: तुरटी फिरवलेल्या पाण्यासारखी निवळते. क्रियापद ‘निवळणे’च वापरा, ‘स्वच्छ होणे’ नको. फक्त तिथली पारंपरिक तुरटी माशाच्या वाताशयापासून करतात. शाकाहाऱ्यांसाठी तळटीप द्याच!

पिंपळपान: दिली. ‘पब’ आणि ‘जिवंत एल’ पक्कं. ती एल की तो?

मांडवीकाठ: बिअर ती, मग एलही ती. पिंपातून एल ओढायच्या हँडपंपाला मात्र हापसा म्हणू नका, वाचक कळशी घेऊन रांगेत उभा राहील.