फिलाडेल्फिया, १७९४: एका तिकिटात संगीत नाटक आणि फार्स

नेपथ्य:
चेस्टनट स्ट्रीट थिएटरमध्ये १७ फेब्रुवारी १७९४ च्या रात्री आधी 'द कॅसल ऑफ अँडलूशिया' हे संगीत नाटक झालं आणि मागोमाग 'हूज द डूप?' हा फार्स. एका रात्रीत दोन खेळ कसे बसवत? आणि त्या नाटकातली गाणी वाद्यवृंदासह वाजवायची तर कुठली प्रत धरायची?

मारवा:
दोन खेळ हा तेव्हाचा रिवाजच होता. तीन अंकी मोठं नाटक आधी, दोन अंकी फार्स शेवटी, मधे एखादं गाणं नाहीतर नाच. आपल्याकडे पौराणिक खेळानंतर फार्स लावत, तसंच. 'अँडलूशिया'त संवाद बोलायचे आणि गाणी तेवढी गायची, त्यामुळे तीच मंडळी फार्सलाही चालत. देखावे बदलायला वेळ लागत नसे, कारण रंगवलेल्या चौकटी खाचांतून प्रेक्षकांसमोरच सरकवत. तिकीट बॉक्सला १ डॉलर, पिटला (रंगमंचासमोरच्या खालच्या जागेला) पाऊण, गॅलरीला (वरच्या मजल्याला) अर्धा. उजेड मेणबत्त्यांचा आणि तेलाच्या दिव्यांचा, तोही प्रेक्षागृहात खेळभर. इथे गॅस आला १८१६ मध्ये. अंधारात बसलेला प्रेक्षक डोळ्यांसमोर आणून प्रयोग बसवलात तर चुकेल.

खर्ज:
प्रतीचं दुखणं मोठं आहे. 'अँडलूशिया'चं सॅम्युअल आर्नल्डचं संगीत लंडनमध्ये छापलं गेलं ते गळ्याच्या आणि कीबोर्डच्या ओळींत, वाद्यांच्या अधूनमधून खुणा देऊन. फिलाडेल्फियात या थिएटरचा संगीतप्रमुख अलेक्झांडर रायनॅगल अशा छापील प्रतींवरून साथ स्वतः लिहून काढी आणि कीबोर्डपाशी बसून वृंद चालवी. ते कागद १८२० च्या आगीत थिएटरबरोबर गेले. फार मोठं नुकसान.

तेव्हा छापील प्रतच घ्या. खालची ओळ चेलोला आणि बसून (bassoon) या खर्जातल्या फुंकवाद्याला, वरची पहिल्या व्हायोलिनला. दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला मधल्या सुरांतून भरा, पण गाताना पातळ ठेवा. खुणा असतील तिथेच ओबो आणि हॉर्न ही फुंकवाद्यं.

घोळ होतो तो पट्टी बदलताना. तेव्हाच्या हॉर्नला झडपा नव्हत्या; दर पट्टीला वेगळी नळी लावावी लागे. डी या पट्टीतलं गाणं गायिकेसाठी अर्धा सूर उतरवलं की डी फ्लॅट होतं. तसली नळी सहसा नसते, आणि व्हायोलिनच्या मोकळ्या तारांची गाजही जाते. पूर्ण सूर उतरवून सी मध्ये घ्या. नळी बदलायला दोन गाण्यांमधले संवाद पुरतात, म्हणून ते कापताना हॉर्नवाल्याला विचारा.

नेपथ्य:
म्हणजे संहितेची काटछाट पट्ट्या ठरल्यावरच. आभार.